एका नावाचे अनेक धनी

(व्याख्यानाचा मजकूर)



मराठी माणसाने मुंबईला आपल्या बोलण्यात कधी ‘बॉम्बे’ म्हटले नाही. मुंबादेवीच्या नावावरून आलेले ‘मुंबई’ हेच नाव मराठीत आणि गुजरातीतही पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. हिंदी भाषकांनी त्याचे ‘बंबई’ केले, पोर्तुगीजांच्या कागदांत ‘बोंबाइम’ झाले आणि इंग्रजांच्या तोंडी ते ‘बॉम्बे’ होऊन बसले. पोर्तुगीज भाषेतील ‘चांगला उपसागर’ अशा अर्थाच्या ‘बॉम बाहिया’ या शब्दांतून हे नाव निघाले, असे पुष्कळ पुस्तकांत छापलेले आढळते. परंतु त्या भाषेत ‘बाहिया’ हा शब्द स्त्रीलिंगी आहे आणि ‘बॉम’ हे विशेषण पुल्लिंगी. ही व्युत्पत्ती ऐकावयास गोड असली तरी व्याकरण तिला अनुमती देत नाही.

१९९५ साली इंग्रजी व्यवहारातही ‘मुंबई’ हेच नाव अधिकृत झाले. मराठीच्या दृष्टीने ते नामांतर नव्हतेच. घरातले नाव दारावरच्या पाटीवर आले, एवढेच. मात्र शहराच्या पाटीवरून उतरलेले ‘बॉम्बे’ हे नाव नाहीसे झाले नाही. जगात ज्या अनेक वस्तूंनी, संस्थांनी आणि कल्पनांनी ते धारण केले होते, त्यांतील काहींनी ते टाकले, काहींनी टाकले नाही आणि काहींना ते टाकून चालणारच नव्हते. हे नाव धारण करणाऱ्यांचे परस्परांशी नाते काय, हा प्रश्न वरवर गमतीचा वाटतो. त्यातील एका ठिकाणी मात्र तो थेट माणसाच्या प्राणांशी जाऊन भिडतो. आजच्या विवेचनाचा ओघ त्या ठिकाणाकडे आहे.

प्रथम संस्थांकडे पाहावे. १८५७ साली स्थापन झालेल्या विद्यापीठाने १९९६ मध्ये इंग्रजीतही ‘मुंबई’ हे नाव स्वीकारले. १९५८ सालची पवई येथील आय.आय.टी. मात्र आजही ‘बॉम्बे’च आहे. १८८३ साली स्थापन झालेली ‘बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी’ही आपले जुने नाव अभिमानाने मिरविते. १८६२ साली सुरू झालेल्या उच्च न्यायालयाला मराठीत मुंबई उच्च न्यायालय म्हणत असले, तरी इंग्रजीत ते ‘बॉम्बे हायकोर्ट’ आहे. या न्यायालयाची सत्ता एका शहरापुरती नाही. नागपूर, छत्रपती संभाजीनगर आणि गोवा येथे त्याची खंडपीठे आहेत व ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरासही सर्किट बेंच सुरू झाले आहे. गोव्यातील पक्षकार न्याय मागावयास जातो तो ‘बॉम्बे’च्या न्यायालयात, परंतु गोव्यातच! येथे ‘बॉम्बे’ हा शब्द शहराचा निर्देश करीत नसून जुन्या इलाख्याची आठवण जपतो. सैन्यदलातील ‘बॉम्बे सॅपर्स’ची गोष्टही तशीच. या तुकड्यांचे नाव इलाख्यावरून पडले आणि त्यांचे केंद्र आहे पुण्याजवळच्या खडकीला.

काही वस्तूंचा तर मुंबईशी संबंध लावताना मोठी पंचाईत होते. वॉशिंग्टन येथील स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहालयात ‘स्टार ऑफ बॉम्बे’ नावाचा १८२ कॅरटचा नीलम आहे. प्रकाशात धरला असता त्याच्या पृष्ठभागावर ताऱ्याची आकृती उमटते. मूकपटांच्या काळातील विख्यात अभिनेत्री मेरी पिकफोर्ड हिला तो तिचे पती डग्लस फेअरबँक्स यांनी दिला होता. हा नीलम मात्र श्रीलंकेच्या मातीतला. जवाहिरांच्या व्यापारात असलेल्या श्रोत्यांना यात नवल वाटू नये, कारण खाण एकीकडे आणि नाव दुसरीकडे असा प्रकार त्या व्यवसायात नित्याचाच आहे. अमेरिकेतच ‘बॉम्बे’ नावाची काळ्याभोर मांजरांची एक जात आहे. केंटकी राज्यातील लुईव्हिल येथे निकी हॉर्नर या महिलेने १९५० च्या दशकात ती सिद्ध केली. भारतातील काळ्या बिबट्याची आठवण व्हावी म्हणून तिला हे नाव दिले गेले. त्या जातीच्या पूर्वजांपैकी कोणी मुंबई बंदर पाहिलेले नाही.

याहून मौजेचे उदाहरण त्याच देशातील डेलावेअर राज्यातले. तेथे ‘बॉम्बे हुक’ नावाचे पाणपक्ष्यांचे मोठे अभयारण्य आहे. मुंबईहून गेलेल्या प्रवाशाला पाटी पाहून आपलेपणा वाटावा. परंतु हे नाव डच वसाहतकाऱ्यांच्या ‘बोमप्येस हुक’ म्हणजे ‘लहान झाडांचे टोक’ या शब्दांचा इंग्रजांनी केलेला अपभ्रंश आहे. उच्चार जुळला, कूळ जुळले नाही.

मिठाईच्या दुकानात तर एक नाव दुसऱ्याच्या गळ्यात पडलेले दिसते. कॉर्नफ्लॉवर, साखर आणि तूप यांपासून केलेल्या चिवट, पारदर्शक वड्यांना मुंबईकर ‘कराची हलवा’ म्हणतात, मुंबईबाहेर पुष्कळ ठिकाणी तोच ‘बॉम्बे हलवा’ होतो आणि काही दुकानदार भांडण नको म्हणून ‘बॉम्बे कराची हलवा’ अशी दोन्ही शहरे एकाच डब्यात भरतात. इंग्रजीत ‘बॉम्बे डक’ म्हणतात तो पक्षी नसून बोंबील मासा आहे. श्रोतृवर्गाच्या आहारात त्याला स्थान नसल्यामुळे त्याचा उल्लेख येथे नामापुरताच केला.

आता ज्यांच्या नावात मुंबईची करणी आहे, अशा काही गोष्टी. १८५० च्या दशकात टाउन हॉलजवळ वडाच्या झाडाखाली जमणाऱ्या शेअर दलालांनी १८७५ साली ‘नेटिव्ह शेअर अँड स्टॉक ब्रोकर्स असोसिएशन’ स्थापन केली. तीच पुढे ‘बॉम्बे स्टॉक एक्स्चेंज’ म्हणून जगप्रसिद्ध झाली आणि आज बी.एस.ई. या आद्याक्षरांत ‘बॉम्बे’ सामावून राहिली आहे. त्या काळच्या व्यापारी जगतातील सर्वांत मोठे नाव म्हणजे सुरतेहून आलेले जैन श्रेष्ठी शेठ प्रेमचंद रायचंद. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाला सोन्याचा भाव आला, मुंबईत पैशाचा पूर लोटला आणि १८६५ साली युद्ध संपताच तो ओसरून अनेक पेढ्या बुडाल्या. प्रेमचंदांनाही मोठा फटका बसला. त्यांनी विद्यापीठाला दिलेल्या देणगीतून उभा राहिलेला मनोरा मात्र १८७८ मध्ये पूर्ण झाला आणि त्याला त्यांच्या मातोश्रींचे, राजाबाईंचे नाव मिळाले. वृद्धापकाळी दृष्टी गेलेल्या राजाबाईंना सूर्यास्तापूर्वी भोजन करण्याचा नियम पाळता यावा म्हणून घड्याळाच्या टोल्यांची योजना झाली, अशी कथा सांगितली जाते. शहराचे नाव बदलले, विद्यापीठाचे बदलले. राजाबाईंचे नाव त्या मनोऱ्यावर तसेच आहे.

‘बॉम्बे प्लॅन’ ही आणखी एक अशीच वस्तू, जी हातात धरता येत नाही. स्वातंत्र्य अद्याप दृष्टिपथात यावयाचे होते, तेव्हा १९४४ साली आठ जणांनी भारताच्या आर्थिक विकासाची एक योजना प्रसिद्ध केली. पंधरा वर्षांत दहा हजार कोटी रुपये गुंतवून दरडोई उत्पन्न दुप्पट करावे, असे तिचे उद्दिष्ट होते. मूळ शीर्षकात ‘बॉम्बे’ हा शब्द नाही. लोकांनी तो लावला. सही करणाऱ्यांत जे. आर. डी. टाटा, पुरुषोत्तमदास ठाकुरदास, अर्देशीर दलाल, ए. डी. श्रॉफ, जॉन मथाई ही मुंबईच्या उद्योगजगताशी निगडित मंडळी होती. परंतु घनश्यामदास बिर्ला कलकत्त्याचे, लाला श्रीराम दिल्लीचे आणि कस्तुरभाई लालभाई अहमदाबादचे. हेच ते कस्तुरभाई, ज्यांनी शेठ आणंदजी कल्याणजी पेढीची धुरा दीर्घकाळ वाहिली आणि राणकपूर व देलवाडा येथील मंदिरांच्या जीर्णोद्धाराकडे जातीने लक्ष दिले. बाजारात परस्परांशी स्पर्धा करणारे हे गृहस्थ शासनाने उद्योगांत मोठी भांडवली गुंतवणूक करावी असे म्हणत होते, ही गोष्ट आज वाचताना अधिक आश्चर्याची वाटते.

आणि समुद्रातील ‘बॉम्बे हाय’. मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटरवर ‘सागर सम्राट’ या ड्रिलिंग रिगने फेब्रुवारी १९७४ मध्ये तेथे तेल शोधले आणि १९७६ पासून उत्पादन सुरू झाले. ‘हाय’ हा शब्द उंच मनोऱ्यासाठी नाही. समुद्रतळाखाली गाडल्या गेलेल्या खडकाच्या उंचवट्याला भूशास्त्रज्ञ असे म्हणतात. पुढे या क्षेत्राचे नाव ‘मुंबई हाय’ झाले आणि कोणाचेही काही अडले नाही. २७ जुलै २००५ रोजी, मुंबई महापुरातून सावरत असतानाच, येथील एका फलाटाला आग लागून २२ जणांचे प्राण गेले. त्या बातम्यांत नवे नावच रूढ झालेले होते.

तेलाच्या विहिरीचे नाव बदलले म्हणून तेलात बदल होत नाही आणि न्यायालयाचे नाव राहिले म्हणून न्याय जुना होत नाही. पण एक ‘बॉम्बे’ असे आहे की जेथे नाव चुकले, अर्धवट लिहिले गेले किंवा कोणी आपल्या मनाने सुधारले, तर रुग्णशय्येवरचा माणूस दगावू शकतो. ते म्हणजे ‘बॉम्बे रक्तगट’. रक्तदानाचे कार्य करणाऱ्या प्रत्येक संस्थेने हा विषय नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी व्हिएन्नामध्ये कार्ल लँडस्टायनर यांनी रक्तगटांचा शोध लावला, तेव्हापासून ए, बी, एबी आणि ओ ही नावे सर्वांच्या परिचयाची झाली. ‘ओ’ म्हणजे ज्यात ए नाही आणि बीही नाही तो गट, आणि म्हणून तो कोणालाही चालतो अशी सर्वसाधारण समजूत. १९५२ साली मुंबईतील डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांचे सहकारी यांना असे रक्त आढळले, जे तपासणीत ‘ओ’सारखे दिसे; परंतु ‘ओ’ गटाच्या इतरांचे रक्त त्याच्याशी मिसळताच पेशींच्या गुठळ्या होत. डॉ. भेंडे, डॉ. सी. के. देशपांडे व डॉ. एच. एम. भाटिया यांनी लंडनच्या संशोधकांच्या साहाय्याने याचा छडा लावला आणि त्याच वर्षी ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात निबंध प्रसिद्ध झाला. ज्या शहरात हा गट प्रथम ओळखला गेला, त्या शहराचे नाव त्याला मिळाले.

घडते काय, हे साध्या दृष्टान्ताने सांगता येईल. रक्तातील तांबड्या पेशीच्या पृष्ठभागावर असंख्य बारीक खुंट्या आहेत अशी कल्पना करावी. या खुंटीला ‘एच’ म्हणतात. ए गटाच्या माणसात त्या खुंटीवर एक प्रकारची टोपी अडकविलेली असते, बी गटात दुसऱ्या प्रकारची, एबीमध्ये दोन्ही प्रकारच्या. ओ गटात टोपी नसते, पण खुंट्या असतात. किंबहुना सर्वांत अधिक उघड्या खुंट्या ओ गटातच. बॉम्बे गटाच्या माणसात खुंट्याच नसतात. तेव्हा त्याच्या शरीराला ए आणि बी या टोप्या तर परक्या वाटतातच, पण नुसती खुंटीही परकी वाटते आणि तिच्याविरुद्ध लढणारी प्रतिद्रव्ये त्याच्या रक्तात जन्मापासूनच्या काळातच सिद्ध होतात. ‘ओ तर सर्वांना चालते’ म्हणून अशा माणसाला ओ गटाची पिशवी लावली, तर बाहेरून आलेल्या पेशी शरीरात फुटू लागतात आणि मूत्रपिंडे निकामी होण्यापासून मृत्यूपर्यंत काहीही घडू शकते.

याची दुसरी बाजू पाहावी. खुंटी नसलेल्या या पेशी इतर गटांच्या शरीराला परक्या वाटत नाहीत. म्हणजे आर.एच. घटक जुळत असेल, तर बॉम्बे गटाच्या तांबड्या पेशी तत्त्वतः कोणालाही देता येतील. त्याला स्वतःला मात्र केवळ बॉम्बे गटाकडूनच घेता येते. निसर्गाने केलेली ही वाटणी फारशी न्यायाची म्हणता येणार नाही.

हा गट भारतात सुमारे दहा हजारांत एकाचा, तर युरोपात सुमारे दहा लाखांत एकाचा असतो. हे प्रमाण धरले तर २०११ च्या जनगणनेनुसार सव्वा कोटीच्या घरात लोकसंख्या असलेल्या मुंबईत असे हजार-बाराशे लोक असावेत. त्यांतील बहुतेकांना आपला गट ‘ओ’ आहे असेच वाटत असणे शक्य आहे, कारण कधी रक्त लागलेच नाही. मुंबईचे नाव असले तरी हा गट मुंबईकरांची मिरास नव्हे; पश्चिम आणि दक्षिण भारतात तो ठिकठिकाणी आढळतो. ‘रुग्ण तर कधी मुंबईला गेलेला नाही, मग बॉम्बे गट कसा?’ असा प्रश्न नातेवाइकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. नावाने केलेली ही दिशाभूल वेळीच दूर करावी लागते.

हा गुण आई आणि वडील या दोघांकडूनही आला तरच प्रकट होतो. दोघेही वरून सर्वसामान्य गटाचे, परंतु प्रत्येकी एक सदोष जनुक वाहणारे असतील, तर प्रत्येक अपत्यात तो उतरण्याची शक्यता चारांत एक असते. म्हणून कुटुंबात एक जण असा आढळला की सख्ख्या भावंडांची तपासणी प्रथम करावी. दाता घरातच सापडण्याचा संभव असतो. जवळच्या नात्यांत विवाह होणाऱ्या समाजांत हा गट अधिक दिसतो, तेही याच कारणाने.

याच अनुवंशातून आणखी एक नाजूक प्रसंग उद्‍भवतो. बॉम्बे गटाच्या माणसाकडे ए किंवा बी टोपीचा वारसा असू शकतो. केवळ खुंटी नसल्याने तो दिसत नाही. पुढच्या पिढीत जोडीदाराकडून खुंटी मिळाली की तो वारसा प्रकट होतो. मग कागदावर ‘ओ’ असलेल्या मातेच्या किंवा पित्याच्या पोटी ‘एबी’ गटाचे मूल जन्मास येते. शाळेत शिकविल्या जाणाऱ्या नियमाप्रमाणे हे अशक्य! अशा अर्धवट ज्ञानातून एखाद्या निर्दोष स्त्रीच्या चारित्र्यावर संशय घेतला जाण्याचा धोका किती मोठा, हे सांगावयास नको. १९५५ साली अमेरिकेत एका कुटुंबाच्या रक्ततपासणीतून नेमका हाच उलगडा झाला, आणि ‘बॉम्बे’ हे नाव शास्त्रीय ग्रंथांत रुजले.

निदान कठीण नाही. ते करावे लागते एवढेच. काचेच्या पट्टीवर ए आणि बी या दोन द्रावणांचे थेंब टाकून केलेली झटपट तपासणी या माणसाला ‘ओ’ ठरवून मोकळी होते. शिबिरातील कार्डावर तेच लिहिले जाते. खरी ओळख पटते ती उलट तपासणीत, म्हणजे त्या व्यक्तीचा रक्तद्रव ओ गटाच्या पेशींशी मिसळून पाहिल्यावर. खात्रीसाठी ‘एच’ ओळखणारे द्रावण वापरतात. ते युलेक्स नावाच्या पिवळ्या फुलांच्या काटेरी झुडपाच्या बियांपासून मिळते. युरोपातील हे झुडूप निलगिरीच्या डोंगरांत उपद्रवी म्हणून कुप्रसिद्ध आहे. प्रयोगशाळेत मात्र तेच उपकारक ठरते. या विषयातील तज्ज्ञ मार्गदर्शन करणारी ‘नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी’ ही संस्था परळला के.ई.एम. रुग्णालयाच्या आवारातच आहे. १९५७ साली रक्तगट संदर्भ केंद्र म्हणून तिचा आरंभ झाला.

येथे नामांतराचा प्रश्न पुन्हा येतो. १९९५ नंतर या गटाला ‘मुंबई रक्तगट’ का म्हणू नये, असे एखाद्याला वाटेल. तसे न करणे हेच शहाणपणाचे. जगभरच्या रक्तपेढ्यांच्या नोंदवह्या, संगणक आणि पिशव्यांवरच्या चिठ्ठ्या यांत हेच नाव रूढ आहे. मध्यरात्री एका शहरातून दुसऱ्या शहरात दूरध्वनी जातो तेव्हा दोन्हीकडच्यांना एकच शब्द ठाऊक असावा लागतो. तेथे अस्मितेला वाव नाही.

शिबिरे भरविणाऱ्या कार्यकर्त्यांसाठी एक व्यावहारिक गोष्ट राहिली. बॉम्बे गटाचा दाता उत्साहाने शिबिरात आला, तर त्याचे स्वागत करावे, पण त्या दिवशी त्याचे रक्त घेण्याची घाई करू नये. साठविलेल्या तांबड्या पेशी पस्तीस ते बेचाळीस दिवसच टिकतात. तेवढ्या अवधीत त्याच गटाचा रुग्ण आला नाही तर ती पिशवी दुसऱ्या कोणाला तरी जाते अथवा वाया जाते, आणि पुरुष दात्याला पुन्हा देण्यासाठी तीन महिने, स्त्री दात्यास चार महिने थांबावे लागते. नेमक्या त्याच काळात मागणी आली तर दाता असूनही नसल्यासारखा होतो. त्याचे नाव त्याच्या संमतीने रक्तपेढीच्या दुर्मीळ दात्यांच्या यादीत नोंदवावे, संपर्क दरवर्षी ताजा करून घ्यावा आणि बोलावणे येईल तेव्हाच त्याने रक्त द्यावे. त्याच्या खिशातील ओळखपत्रावर नुसते ‘ओ’ कधीही नसावे. ‘बॉम्बे’ हा शब्द पूर्ण, ठळक अक्षरांत आणि त्यापुढे आर.एच. धन की ऋण, एवढे लिहिलेले असावे.